रबरी फूल आणि खारे पाणी

तळहातावर मावेल एवढीशी वस्तू. मध्ये पितळेचा लहानसा तुंबा आणि त्याच्याभोवती काळ्या रबराच्या सहा, आठ, कधी बारा पाकळ्या. घरातल्या लहान मुलाच्या हाती पडली तर ते तिला खेळणे समजून चाकासारखी फिरवू लागेल. मासेमारीच्या लाँचवरचा ड्रायव्हर तिला 'इंपेलर' म्हणतो आणि गल्ल्यातल्या पैशांसारखी कोरड्या डब्यात जपून ठेवतो. कारण इंजिनाच्या पाण्याच्या पंपातले हे फूल फाटले, की त्या धुडाचा श्वास कोंडतो. पोलाद, ओतीव लोखंड, पितळ यांचा एवढा डोलारा, आणि त्याची सगळी भिस्त कशावर, तर रबराच्या पाकळ्यांवर! हा प्रकार आला कुठून, हे पाहू लागले म्हणजे दोन-अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

जहाज आणि पंप यांचे नाते जुने आहे. पण ते नाते एका दिशेचे होते. पंपाने पाणी बाहेर फेकायचे. लाकडी जहाज कितीही चांगले बांधलेले असो, फळ्यांच्या सांध्यांतून समुद्र झिरपायचाच. लहान होडीत खलाशी तो डब्याने उपसून टाकी. मोठ्या जहाजात त्यासाठी पंप असे. युरोपी जहाजांवरचा साधा पंप म्हणजे एल्म नावाच्या झाडाचे पोखरलेले खोड, आत खालीवर होणारा दट्ट्या आणि त्या दट्ट्यावर चामड्याची झडप. खोड वर्षानुवर्षे टिके. चामडे मात्र कुजे, कडक होई, फाटे. म्हणून जहाजाच्या कोठारात दोरखंड आणि शिडाचे कापड यांच्या शेजारी पंपासाठी चामड्याचे तुकडेही असत.

त्या पंपांवर किती जीव लटकत, हे कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर' जहाजाने पाहिले. ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते पोवळ्याच्या खडकावर चढले. तोफा, निरम, पिंपे असा चाळीस-पन्नास टनांचा भार समुद्रात लोटला, तेव्हा कुठे दुसऱ्या रात्री ते खडकावरून सुटले. जहाजावर पंप चार होते. त्यांपैकी तीन चालले, चौथा काही केल्या चालेना. त्या तीन पंपांवर पाळीपाळीने सगळे जण राबले. जोसेफ बँक्ससारखा धनवान निसर्गशास्त्रज्ञही त्यातून सुटला नाही. अखेर शिडाच्या कापडावर काथ्या, लोकर आणि मेंढ्यांची लीद थापून तो पडदा बाहेरून भोकावर ओढला आणि पाण्याचा ओघ आवरला. त्या जहाजावर दुर्बिणी होत्या, वनस्पतींचे नमुने होते, उत्तम चित्रकार होते. आणि त्या रात्री साऱ्या विद्येचा जीव तीन चामडी झडपांत आला होता.

आपल्याकडची रीत याहून वेगळी नव्हती. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत, गिर्ये गावी, खडक खोदून केलेली मराठ्यांची जुनी गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, पाणी ओसरले की बूड उघडे पडायचे. मग फटींत कापूस ठोकायचा, राळ आणि तेल चोपडायचे. सागवान कोकणातले, कापूस देशावरचा, आणि ते ठोकणारा हात गावातल्याच सुताराचा. मोडले ते दुरुस्त करायला बाहेरून काही मागवावे लागत नव्हते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता यंत्राकडे वळू. शाळेच्या पुस्तकांतून जेम्स वॅटची किटली अजून उकळते आहे. मुलांना ती आवडते, म्हणून आम्ही मास्तर मंडळीही ती खाली उतरवत नाही. पण वाफेच्या यंत्राची खरी डोकेदुखी कळायला किटलीपेक्षा या दिवसांत घरोघरी बाहेर निघणारा चकलीचा सोऱ्या अधिक उपयोगी. दट्ट्या सैल असला की पीठ चकली होऊन खाली उतरण्याऐवजी कडेने वर येते. थॉमस न्यूकोमेनने १७१२ साली इंग्लंडमध्ये खाणीतले पाणी उपसणारे यंत्र उभे केले, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. त्या काळी अचूक गोल नळकांडे घडवणे कोणालाच साधत नव्हते. त्याने दट्ट्यावर चामड्याची चकती बसवली आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवला. चामडे मऊ, म्हणून ते नळकांड्याच्या खाचाखोचांशी जुळवून घेई. पुढे वॅटला नळकांडे सतत गरम ठेवायचे होते, म्हणून त्याला वरचे पाणी चालेना. त्याने चरबीत भिजवलेल्या तागाचे वेढे दिले. जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफा कोरण्याचे नवे यंत्र काढले आणि त्या कसबातून नळकांडी इतकी नेटकी निघू लागली, की जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीएवढाही फरक पडत नाही, असे वॅटचा भागीदार बोल्टन अभिमानाने लिहून गेला. तरी ताग आणि चरबी सुटली नाही. कठीण धातूंच्या मध्ये काहीतरी मऊ, स्वतः झिजणारे असे ठेवावेच लागले.

हे यंत्र जहाजावर चढले आणि पंपाच्या नात्याची दिशा उलटली. वॅटच्या पद्धतीत वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी करायचे असते. जमिनीवर त्यासाठी विहीर, नदी, तलाव. जहाजावर? समोर सारा समुद्रच पसरलेला! तेव्हा तोच आत घेतला. वाफेवर समुद्राच्या पाण्याचा फवारा मारायचा, वाफेचे पाणी आणि खारे पाणी एकत्र व्हायचे आणि त्याच मिश्रणातले काही पुन्हा बॉयलरमध्ये जायचे. ज्याला हजारो वर्षे बाहेर ठेवण्यासाठी माणसाने जिवाचा आटापिटा केला, त्याला आता बूड भोकून, नळ बसवून आत बोलावले. पाहुणा आला, तो मीठ घेऊन आला. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तांबड्या समुद्रात ४० च्या आसपास. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि बॉयलरच्या आतून दगडासारखा थर धरतात. मग ठरावीक वेळाने खारट झालेले पाणी सोडून द्या, बंदरात पोचलात की आत माणूस उतरवून छिन्नीने तो थर फोडा.

तांबड्या समुद्राचे नाव घेतले ते उगीच नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि एप्रिलमध्ये सुएझला पोचली. बोट ४११ टनांची, इंजिने दोन, प्रत्येकी ऐंशी अश्वशक्तीची. तिच्या कोठारात पाच-सहा दिवसांचा कोळसा मावेल असा आराखडा होता, आणि एडनपर्यंतचे अंतर अकरा दिवसांचे. कॅप्टन विल्सनने जागा दिसेल तिथे, उतारूंच्या दिवाणखान्यातसुद्धा, कोळसा भरला. एडनला ती लागली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. या प्रवासाचे कौतुक इतिहासात पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तच आहे. मात्र कौतुक नेहमी कोळशाचे आणि कप्तानाचे होते. पंपांच्या झडपा आणि दट्ट्यांची बांधणी सांभाळत यंत्रघराच्या उकाड्यात ज्यांनी ते दिवस काढले, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

एका मुंबईकराचे नाव मात्र उरले. अर्देशीर करसेटजी वाडिया, जन्म १८०८. घराणे लाकडी जहाजे बांधणाऱ्यांचे. पण या तरुणाचे मन लागले वाफेच्या यंत्रात. १८३३ साली त्याने 'इंडस' नावाची साठ टनांची लहान आगबोट पाण्यात सोडली. पुढच्या वर्षी माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला. वाफेच्या पंपाने बागेला पाणी देऊन दाखवले. मग तो विलायतेला गेला, तिथले कारखाने डोळ्यांत तेल घालून पाहिले आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद झाला. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचा तो मुख्य इंजिनियर झाला आणि गोरे कारागीर त्याच्या हाताखाली आले. आगबोट बांधणे एक आणि ती चालती ठेवणे दुसरे. मुंबईसारख्या, विलायतेपासून कित्येक महिन्यांच्या वाटेवर असलेल्या बंदरात दुसऱ्याची किंमत अधिक. मोडलेला भाग तिकडून मागवावा तर तो येईपर्यंत वर्ष उलटायचे. तो इथेच ओतायचा, इथेच कातायचा, हीच त्या कारखान्याची मातब्बरी.

खाऱ्या पाण्यावर तोड इंग्लंडातल्या सॅम्युएल हॉलने १८३४ च्या सुमारास सुचवली. वाफ आणि समुद्राचे पाणी एकमेकांत मिसळूच द्यायचे नाही. वाफ बारीक नळ्यांतून जाईल, नळ्यांबाहेरून समुद्र वाहील. उष्णता इकडून तिकडे जाईल, मीठ जाणार नाही. म्हटले तर आपल्याकडच्या सोवळ्यासारखेच: एका चुलीजवळ, पण स्पर्श नाही. १८३८ साली अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेलेल्या 'सिरियस' आगबोटीवर हॉलची ही रचना होती. पण दट्ट्याला लावलेली चरबी वाफेबरोबर नळ्यांत जाऊन बसे आणि त्या तुंबत. कल्पना चोख, पण चरबीने तिचा घात केला, आणि ती पुन्हा वर यायला १८६० नंतरचा काळ उजाडावा लागला. आजच्या लाँचच्या इंजिनाशेजारी जो नळकांड्यासारखा कूलर दिसतो, तो याच हॉलचा वंशज. इंजिनात गोडे पाणी फिरते, कूलरमध्ये नळ्यांच्या आड खारे पाणी वाहते आणि सोवळे पाळले जाते.

दरम्यान रबराची कथा अमेरिकेत घडत होती. रबराच्या झाडाचा चीक पूर्वीपासून ठाऊक होता. पण तो उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा गुण सापडला. रबर लवचीक राहू लागले, सर्व ऋतूंत. त्याला १८४४ साली पेटंट मिळाले आणि १८६० साली तो कर्जात बुडालेल्या अवस्थेत मेला. ही रीत शोधकांच्या घरी नवी नाही. आगबोटींच्या पंपांत चामड्याच्या आणि धातूच्या झडपांच्या जागी रबराच्या चकत्या शतकाच्या मध्यापासून दिसू लागल्या. तेल लागले की मात्र नैसर्गिक रबर फुगते, मऊ पडते. त्यावर उतारा १९३० साली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत, कॅरदर्सच्या मंडळींच्या हातून निघाला: कृत्रिम रबर, पुढे ज्याला निओप्रिन हे नाव पडले. ड्रायव्हरच्या डब्यातल्या त्या काळ्या पाकळ्या बहुधा याच जातीच्या असतात.

तेलावर चालणारी इंजिने होड्यांवर आली ती गोटलीब डाइमलरपासून. ऑगस्ट १८८६ मध्ये जर्मनीतल्या नेकार नदीवर त्याने पेट्रोलची नाव चालवली. लोक पेट्रोलला भीत. म्हणून नावेला तारा आणि चिनी मातीचे लट्टू बांधून ती विजेवर चालते असा भास केला, असे सांगतात. अमेरिकेत ओल एव्हिन्रूडने १९०९ पासून होडीच्या मागे अडकवायचे इंजिन विकायला काढले. वजन ६२ पौंड, दीड अश्वशक्ती. रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये चालले आणि १९१२ मध्ये डेन्मार्कचे 'सेलांडिया' हे धुराड्यावाचूनचे जहाज डिझेलवर बँकॉकपर्यंत जाऊन आले. वाफ गेली, बॉयलर गेला; पण समुद्र आतच राहिला. इंजिनाच्या नळकांड्यात तेल पेटते तेव्हा दीड-दोन हजार अंशांची धग असते, आणि तेलातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर टाकावा लागतो. न टाकावा तर दट्ट्या नळकांड्यात चिकटून बसतो.

आपल्या किनाऱ्यावर हे सारे आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५२ च्या ऑक्टोबरात भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. आधी तिथल्याच होड्यांना इंजिन बसवून पाहिले. ते नीट जमेना, म्हणून नवे आराखडे काढावे लागले. मुंबई राज्यात सरकारी कर्जे आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या बळावर याच सुमारास इंजिने येऊ लागली. त्यात सातपाटीचे कोळी बांधव आघाडीवर होते. ज्या सुताराने आणि त्याच्या बापाने जन्मभर होडीच्या भेगा बुजवल्या, त्याच्याच हातात आता गिरमिट आले. एक भोक मागे, पंख्याच्या शाफ्टसाठी; दुसरे बुडाला, समुद्र आत घ्यायला.

शीड गेले, हे चांगले झाले की वाईट, हा वाद मी घालणार नाही. पडल्या वाऱ्यात दिवसभर तळमळत बसलेल्या, मासळी डोळ्यांदेखत सडू लागलेल्या तांडेलाला तो विचारून पाहावा. पण एक फरक पडला. शीड फाटले तर ते होडीवरच शिवता येई. रबराचे फूल होडीवर घडवता येत नाही. गिर्येच्या गोदीत जे सारे गावात होते, ते आता दुकानात गेले. आणि मूळ कंपनीचा अस्सल माल महाग, बाजारातला नकली स्वस्त, अशा वेळी कोळ्याच्या घरात काय विचार होत असेल, हे संसारी वाचकांना समजावून सांगायला नको. कित्येक लाँचवर हा फेरा टाळण्यासाठी गोड्या पाण्याचे नळ होडीच्या बुडाबाहेरून फिरवून आणतात. समुद्र बाहेरच ठेवण्याचा हा जुनाच शहाणपणा, नव्या वेषात.

फूल काम कसे करते, तेही पाहण्यासारखे आहे. पंपाचे घर गोल असते, पण एका बाजूला आतून थोडा उंचवटा. फूल फिरताना त्याच्या पाकळ्या उंचवट्यापाशी वाकतात. दोन पाकळ्यांमधली जागा चेपते आणि पाणी पुढे ढकलले जाते. उंचवटा ओलांडला की पाकळ्या पुन्हा सरळ होतात, जागा मोठी होते आणि मागून पाणी ओढले जाते. झडप नाही, दट्ट्या नाही. चामड्याची झडप आणि पंप ही दोन कामे रबराने एकट्याने उचलली. मात्र जे पाणी ते उपसते, तेच त्याचे वंगण. कॉक उघडायला विसरून इंजिन चालू केले, किंवा प्लास्टिकची पिशवी तोंडाशी येऊन बसली, तर कोरड्या घासणीने मिनिटा-दोन मिनिटांत पाकळ्या जळतात. आजकाल समुद्रात पिशव्यांना तोटा नाही!

न चालवतासुद्धा फूल बिघडते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते दोन महिने उंचवट्याखालच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात आणि त्यांना तशीच सवय लागते. म्हणून नारळी पौर्णिमेआधी, होड्यांना रंग लागत असताना, जाणता ड्रायव्हर पंप उघडतो. आधी बुडाचा कॉक बंद. तो राहिला तर पंपाऐवजी होडीच भरायची. मग झाकणाचे स्क्रू. स्क्रू काढायच्या हत्याराला आपल्याकडे 'डिसमिस' म्हणतात. कोणाची नोकरी न घालवता काम करणारे हे एकच डिसमिस. दोन डिसमिस दोन्ही बाजूंनी घालून फूल उचकटण्याची चाल सर्रास दिसते, पण त्याने पितळी घराला चरे पडतात; पक्कडीने तुंबा धरून हळूहळू बाहेर ओढावे हे बरे. झाकणावर रबराने गोल खोबण पाडली असेल तर काही झाकणे उलटी करून लावता येतात. शाफ्टपाशी, दोन सिलांच्या मध्ये, पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकत असले तर बाहेरचे सील गेले. ठिबकणे थांबवण्यासाठी ते छिद्र बुजवणारे महाभागही आहेत, आणि मग खारे पाणी शाफ्टवरून थेट इंजिनाच्या तेलात उतरते.

नवे फूल घालताना त्याला साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावायचे, ग्रीस नव्हे. फिरण्याच्या दिशेने वळवत, पाकळ्या एकाच बाजूला झुकवत आत सरकवायचे. नवे कागदी पॅकिंग, झाकण, स्क्रू. पण त्याआधी जुन्या फुलाच्या पाकळ्या मोजायच्या. आठांपैकी सहाच हाती आल्या तर उरलेल्या दोन कुठे गेल्या? त्या समुद्रात गेलेल्या नसतात. पाण्याबरोबर पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी बसलेल्या असतात, हॉलच्या नळ्यांत चरबी बसे तशाच. त्या शोधून काढल्यावाचून नवे फूल घालणे म्हणजे चार दिवसांनी पुन्हा तोच दिवस. घाईचा माणूस इथेच फसतो. जाणता ड्रायव्हर कूलरचे टोक उघडतो, बोटाने, तारेने चाचपडतो आणि ते दोन काळे तुकडे फळीवर बाकीच्यांशेजारी मांडून पाहतो.

मग कॉक उघडायचा. इंजिन सुरू होते आणि मालवणच्या बाजूला असाल तर आतून हाळी येते, "पाणी पडता काय रे?" मागच्या टोकाला वाकलेला पोरगा धुराच्या नळीकडे पाहत असतो. पहिले काही क्षण नुसता धूर. मग एक गुळणी, थांबून दुसरी, आणि मग पाण्याची धार लागते.

"पडता, पडता!"